आक्काच्या हातची ओटी

आमच्या जुन्या वसतिगृहाचा समारंभ होता, म्हणून तिथल्या मुलींनी मला पत्र पाठवलं. आक्काबद्दल दोन पानं लिहून द्या, तुम्ही तिच्या सगळ्यांत लाडक्या होतात असं ऐकलंय. मी दिली लिहून. तिचं हसणं, तिचं रागावणं, तापात उशाशी बसणं, सगळं लिहिलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि तरी ती पानं टपालात टाकून आल्यावर मला जेवण गेलं नाही. लाडकी होते हे खरं आहे. त्या लाडकीने काय केलं ते मात्र त्या पानांत नव्हतं. ते इथे लिहिते आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, बाड्याच्या चौकापासून दहा मिनिटांच्या चालीवर, एका गल्लीत आमचं ते घर होतं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, आम्ही नुसतं घर म्हणायचो. मराठी बायकांनी मराठी बायकांसाठी काढलेलं. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणाचं माहेर तुटलेलं, आणि काही माझ्यासारख्या, लहान गावांतून शिकायला आलेल्या. मिळून वीसेक जणी. स्वयंपाकाची पाळी दोघीदोघींची असायची आणि नळावरचं भांडण सगळ्यांचं मिळून. घर चालवणाऱ्या बाईंना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्या पंधराव्या वर्षी विधवा झाल्या होत्या आणि त्यानंतर कुणाला घाबरल्या नव्हत्या. त्यांचा एकच नियम कडक होता. कुणी इथे का आली ते विचारायचं नाही, तिला वाटलं तर ती सांगेल.

संस्थान विलीन झालं तेव्हा घर राहतं की जातं म्हणून सगळ्या घाबरल्या होत्या म्हणे. मदत दरबाराची होती आणि दरबारच गेला. मी आले तोवर मध्य भारत हे नवं राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली होती. पाटी बदलली होती, नव्या सरकारच्या दोन बायका येऊन खोल्या मोजून गेल्या होत्या, आणि घर चालूच होतं. कचेऱ्या सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असायच्या, त्यामुळे कुठलंही काम निघालं की साहेब नेमके इंदूरला गेलेले असायचे.

मी आले ती भांडूनच आले. वडील गेल्यावर काकाने शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवलं, म्हणजे खरं तर घरातून काढलं, असं मला वाटत होतं. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही आणि जेवले नाही. तिसऱ्या दिवशी एक उंच, सावळी बाई ताट घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसली. कपाळावर आठ आण्याएवढं कुंकू, नाकात चमकी, आणि आवाज असा की गल्लीतला टांगेवालाही वळून बघेल.

"कोणाशी भांडण आहे तुझं?" तिने विचारलं.

मी भिंतीकडे तोंड केलं.

"पोळीशी तर नाही ना? तिने काय बिघाडलं तुझं? पोळी खाऊन घे, मग माझ्याशी भांड. मी रिकामीच बसून आहे."

मी जेवले. मग तिच्याशी भांडले. मग रडले. ती आक्का.

आक्का तिशीची असेल तेव्हा, पण घरात वयाने मोठ्या बायकाही तिला आक्काच म्हणायच्या. ती मराठा, शिपाईगिरी करणाऱ्या घरातली. घरात बऱ्याचशा आम्ही ब्राह्मणांच्या पोरी, आणि सुरुवातीला काहींनी नाकं मुरडली होती म्हणतात. मोठ्या बाईंनी त्या काहींना आठ दिवस आक्काबरोबर स्वयंपाकाची पाळी लावली. नंतर तिच्या हातच्या लोणच्यावरून भांडणं व्हायला लागली, तेव्हा तो विषय संपला.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घरातली प्रत्येक मुलगी तिला वाचता यायची. कोण दोन पोळ्या कमी खाते, कोण टपालवाल्याची सायकल वाजली की दाराकडे बघत नाही, हे तिला न सांगता कळायचं. माझ्या परीक्षेच्या दिवसांत ती मटारची टोपली घेऊन माझ्या खोलीत येऊन बसायची. मी म्हणायचे, आक्का, मला एकटीला अभ्यास होतो. ती म्हणायची, "तू कर ना अभ्यास. मला एकटीला मटार सोलणं नाही होत."

तिचा नवरा दरबारच्या फौजेत शिपाई होता. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू असताना त्याची तुकडी समुद्रापलीकडे गेली. एक पत्र आलं, मग काही आलं नाही. सासर भिंडकडच्या गावात. दिराने वर्षभर वाट पाहिल्यासारखं केलं आणि मग तिला सरळ या घरात आणून सोडलं. हे तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना दिराला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. नवऱ्याबद्दल मात्र ती एवढंच म्हणायची, "आहेत कुठेतरी. माझं कुंकू सांगतं."

हे कुंकू घरात फार मोलाचं होतं. त्याचं कारण ओटी.

घरातून मुलगी निघाली, लग्न होऊन असो की नोकरीवर असो, तिची ओटी भरून पाठवायची असा आमच्याकडे पहिल्यापासून रिवाज होता. बाहेर पाठवणीची ओटी फक्त सासरी जाणारीची भरतात. आमच्याकडे गुना गावी बदली झालेल्या मास्तरणीचीही भरत. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. आणि ओटी भरायची सवाष्णीने, हे मात्र बाहेरच्यासारखंच. मोठ्या बाई बाकी सगळ्या बाबतींत जगाच्या पुढे, पण इथे त्या स्वतःच मागे सरकायच्या आणि दारात उभ्या राहायच्या. घरात सवाष्णी तीन-चारच. गल्लीतल्या एक-दोघींना बोलावून पाच व्हायच्या. त्यांत पहिला हात नेहमी आक्काचा. पाटावर बसलेल्या मुलीच्या पदरात ती दोन्ही हातांनी तांदूळ घालायची आणि वाकून कानात काहीतरी सांगायची. काय सांगायची ते ज्या मुलीला सांगितलं तिलाच माहीत. बाहेर पडलेल्या मुली पत्रांत लिहायच्या, आक्काला सांगा तिने म्हटलं तसंच केलं. आम्ही राहिलेल्या कुतूहलाने मरायचो.

तिचं घर नव्हतं, मूल नव्हतं, माहेर नव्हतं. तो पहिला हात होता. बाकी काही तिने कधी मागितलं नाही.

आता माझी करामत.

ट्रेनिंग संपलं, मला फूलबागेकडच्या एका मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि मी घरातच राहिले. घरातलं टपाल वाचायचं आणि लिहायचं काम माझ्याकडे होतं. जेवणं झाली की अंगणात ओट्यावर बसून मी पत्रं वाचून दाखवायचे. ज्यांना अर्ज करायचे त्यांचे अर्ज लिहायचे. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला भारी गर्व होता. संस्थानाची फौज हिंदुस्थानच्या फौजेत गेली, जुनी रजिस्टरं इकडची तिकडे झाली, आणि शिपायांच्या घरच्यांनी चौकशी केली तर उत्तर मिळतं असं शाळेत कुणीतरी बोललं. मी त्याच दिवशी घरी येऊन आक्काच्या मागे लागले.

"नको गं," ती म्हणाली. "कशाला उगीच. आहे तसं ठीक आहे."

"ठीक काय आहे? तुला कळायला नको?"

"मला काय करायचंय कळून?"

मी तिला अडाणी म्हटलं. खरंच म्हटलं, याच शब्दात. जग कुठे चाललंय आणि तू कुंकू सांगतं म्हणून बसलीयेस. ती हसली. शेवटी माझा हट्ट राहावा म्हणून तिने नाव, गाव, पलटण सांगितली आणि अर्जाखाली अंगठा उठवला. मी तो अर्ज तीनदा लिहून काढला, सुंदर दिसावा म्हणून.

उत्तर यायला आठ-नऊ महिने लागले. ज्या दिवशी आलं त्या दिवशी दुसऱ्या दिवशीची तयारी चालली होती. आमची उज्जैनची मुलगी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, लग्न होऊन निघायची होती. नवरा शहरातल्याच हजिरा भागात राहणारा, लग्न साधंसं झालेलं, पाठवणी आमच्याकडून. आक्का अंगणात परात घेऊन तांदूळ निवडत होती. ओटीला तुटका दाणा तिला चालायचा नाही.

टपालवाल्याने पाकीट माझ्या हातात दिलं. इंग्रजीत टाइप केलेलं, चार ओळींचं. अमुक शिपाई अमुक ठिकाणच्या लष्करी इस्पितळात आजाराने मरण पावला. त्याच्या घरच्या पत्त्यावर तेव्हाच कळवण्यात आलं होतं. मी हिशेब केला. दहा वर्षं झाली होती. दिराला माहीत होतं. तिच्या वाटणीची जमीन द्यावी लागू नये म्हणून त्याने तोंड मिटून ठेवलं आणि तिला आमच्या दारात आणून सोडलं.

"कुणाचं गं?" आक्काने मान वर न करता विचारलं.

"तुझं."

तिचे हात थांबले. माझ्याकडे बघितलं. कुणी एवढ्या विश्वासाने माझ्याकडे पुन्हा बघितलेलं मला आठवत नाही.

"काय लिहून राहिले?"

"लिहिलंय की शोध चालू आहे," मी म्हणाले. "अजून काही पत्ता नाही."

"मी नव्हतं म्हटलं?" असं म्हणून ती परत तांदळाकडे वळली, आणि मी पाहिलं, तिच्या चेहऱ्यावरून ओझं उतरलं होतं. ते पाकीट मी पेटीत खाली घातलं. उद्या पाठवणी होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं. परवा सांगू. नागपंचमी जाऊ दे. तिला ताप आहे, उतरू दे. माझ्यासारखी फटकळ बाई दोन वर्षं रोज एक कारण शोधत होती. तिच्यावर माया होती म्हणून, हे खरं. पण अर्ज करायला लावणारी मीच, हे तोंडावर ऐकून घ्यायची हिंमत नव्हती, हेही तेवढंच खरं आहे.

उज्जैनच्या मुलीची ओटी दुसऱ्या दिवशी आक्काने भरली. मी समोर उभी होते. नंतरच्या दोन वर्षांत आणखी तिघींची भरली. प्रत्येक वेळी मी स्वतःला समजवायचे की या सगळ्या खुळ्या समजुती आहेत, तांदळाला काय कळतंय कुणाचा नवरा आहे आणि कुणाचा नाही. मी शिकलेली होते. शाळेत मुलींना मांजर आडवं गेलं तरी पुढे जा म्हणून सांगत होते.

मग नव्या मध्य प्रदेशाची घोषणा झाली, राजधानी भोपाळ ठरली आणि ग्वाल्हेरच्या निम्म्या कारकुनांनी बिस्तरा बांधायला घेतला. सचिवालयातून फायलींची खोकी निघाली, स्टेशनाजवळच्या पडावला ट्रकच्या रांगा लागल्या. ज्यांची लग्नं ठरून रेंगाळत होती त्यांची घाईघाईने उरकली, त्यात माझंही होतं. हे सचिवालयात कारकून होते, आता भोपाळला जायचे. आक्कानेच हे स्थळ तपासलं होतं. म्हणजे यांना घरी बोलावून भरपूर खायला घातलं आणि मग मला सांगितलं, "खाताना दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो, त्याला वाढलं का म्हणून. हो म्हण."

लग्नाला तीन आठवडे असताना हजिऱ्याहून निरोप आला. उज्जैनच्या मुलीचा नवरा विषमज्वराने गेला. दहा दिवसांत खेळ आटोपला. मोठ्या बाई जाऊन तिला परत घरी घेऊन आल्या. तिचं कपाळ बघून घरात कुणी जेवलं नाही. आक्काने तिला आपल्या खाटेवर घेतलं आणि रात्रंदिवस जवळून हलली नाही.

आणि माझ्या डोक्यात एकच विचार फिरायला लागला. तो विचार लिहायलासुद्धा मला लाज वाटते. पत्र आल्यावर आक्काने पहिली ओटी भरली ती हिची.

बाकीच्या तिघी सुखात होत्या. हे मला माहीत होतं. मी मनात दहादा मोजलं, तिघी ठीक, एक नाही. पण माझ्या होणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं की भीती वाटायची. मला हे माणूस आवडायला लागलं होतं.

लग्न उरकून निघायच्या दिवशी सकाळी आक्का न्हाऊन, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून तयार होती. बाड्यावरून स्वतः जाऊन खण आणला होता. अंगणात पाट मांडला. मी स्वयंपाकघरात मोठ्या बाईंकडे गेले आणि हळूच म्हणाले, "बाई, ओटीला आज आक्का नको."

त्यांनी हातातला झारा खाली ठेवला. "का?"

"यांच्या घरचे जुन्या वळणाचे आहेत. आक्का मराठा... त्यांना चालायचं नाही."

हे कारण मी रात्रभर विचार करून शोधलं होतं. सगळ्यांत ओंगळ कारण शोधलं, कारण ते लगेच पटण्यासारखं होतं. मोठ्या बाईंनी चुलीवरची कढई उतरवली. मग म्हणाल्या, "हे मी तिला सांगणार नाही. तुला सांगवत असेल तर तूच सांग."

मी अंगणात गेले. आणि सांगितलं. बाकीच्या मुली अजून वरच होत्या, तेवढंच बरं.

आक्का "बरं" म्हणाली. खरंच, काही वाईट वाटलंय असं दिसू दिलं नाही. तांदळाची परात उचलली आणि दुसऱ्या कुणाला द्यायला निघाली. चार पावलं गेली आणि थांबली.

"तुझी सासू परवा आली होती ना इथे?"

"हो."

"माझ्या हातचा चहा प्यायली. लोणचं मागून घेऊन गेली बरणी भरून. मी मराठ्याची आहे ते मीच तिला बोलले. ती बोलली, आमच्याकडे ते सगळं कधीच सुटलं."

मी खाली बघत होते. ती परत माझ्यासमोर आली.

"पोरी, ही बात नाही. काय आहे?"

मला खोटं बोलता येतं. दोन वर्षं येत होतं. त्या क्षणी मी तिच्या परातीतले तांदूळ बोटाने सारखे करायला लागले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, जशी मुलींकडे बघायची तशी, आणि तिने वाचलं.

"ते पत्र," ती म्हणाली. "त्याच्यात काय लिहिलं होतं?"

मी मान हलवली, ते गेले अशी. त्यापुढे तिला सांगावं लागलं नाही.

"कधी?"

"लढाईतच. आजाराने. तुझ्या दिराला तेव्हाच कळवलं होतं."

मला वाटलं ती ओरडेल, मला मारेल. मारायला हवं होतं. ती परात हातात घेऊन तशीच उभी राहिली, आणि मग तिचा चेहरा पांढरा पडला. नवऱ्यासाठी नाही. माणूस गेलाय हे तिला आतून कधीचंच माहीत असावं असं मला आता वाटतं. तिने वर बघितलं, माडीवर जिथे उज्जैनची मुलगी झोपली होती तिकडे.

"हिची ओटी मी भरली होती," ती म्हणाली. "पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू तिथेच उभी होतीस."

"आक्का, असं काही नसतं गं. तो तापाने गेला. ओटीने काही होत नाही. शपथ घेऊन सांगते."

"नसतं ना?"

"नसतं."

"मग तू का घाबरली?"

 ज्या गोष्टीवर माझा विश्वास नाही असं मी जन्मभर सांगत आले, तिच्यापायी मी त्या बाईला पाटासमोरून उठवलं. दुसऱ्या चार मुलींच्या वेळी मला ते चाललं. माझी पाळी आली तेव्हा चाललं नाही. खुळी समजूत एकटी आक्काची असती तर मी तिला भांडून पटवलं असतं. ती माझीच होती हे तिने माझ्या डोळ्यांदेखत पाहिलं.

तिने परात पाटाशी ठेवली. नळावर गेली आणि कपाळ धुतलं. पदराने पुसलं. तेवढ्यात मुली खाली आल्या आणि तिच्याकडे बघून जागच्या जागी उभ्या राहिल्या. "गावाकडून खबर आली," तिने सांगितलं. "माझे मालक गेले. पुष्कळ दिवस झाले म्हणतात, मला आत्ता कळलं. रडारड नको, पोरीला निघायचंय. जल्दी करा, गाडी चुकेल."

माझं नाव तिने घेतलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. मोठ्या बाईंना काय समजायचं ते समजलं असेल, त्यांनीही तोंड उघडलं नाही. घरात आजही कुणाला ठाऊक नाही, म्हणून तर मला ते दोन पानं लिहायला सांगतात. माझी ओटी घरातल्या आणि गल्लीतल्या सवाष्णींनी भरली. पाचवी कमी पडत होती ती समोरून बोलावून आणली. माझ्या कानात कुणी काही सांगितलं नाही. टांग्यात बसले तेव्हा आक्का दारापर्यंत आली, माझ्या हातात लोणच्याची बरणी दिली आणि झाकण नीट लागलंय का ते एकदा दाबून बघितलं.

भोपाळहून मी तिला सात-आठ पत्रं लिहिली असतील. एकही टाकलं नाही. पत्र दुसऱ्या कुणीतरी तिला वाचून दाखवायचं, सगळ्यांसमोर. माफी अशी अंगणात वाचली जाणार म्हणून मी लिहून लिहून फाडत राहिले. हेसुद्धा निमित्तच. ग्वाल्हेरला येणाऱ्या कितीतरी माणसांबरोबर तोंडी निरोप पाठवता आला असता.

दोन वर्षांनी ह्यांचं जुन्या फायलींचं काही काम ग्वाल्हेरला निघालं आणि मीही आले. घरी गेले तर अंगणात पाट मांडलेला. उज्जैनची मुलगी नर्सचं शिक्षण पुरं करून नोकरीवर निघाली होती. मुलींनी मला ओढून बसवलं आणि एकीने कानात सांगितलं की दोन वर्षांत आक्काने ओटीच्या तांदळाला हात लावलेला नाही, पाठवणी असली की ती बाजाराला निघून जाते, पण आज ही उज्जैनवाली हट्टाला पेटली आहे. भरशील तर तू भर, नाहीतर मी अशीच जाते म्हणते. आणि तिची ओटी भरणारी दुसरी कोण येणार होती? ती विधवा. गल्लीतली सवाष्ण तिच्यासमोर बसलीच नसती.

मोठ्या बाई दारातून पुढे अंगणात आल्या होत्या. आक्का पाटासमोर बसली. मोकळं कपाळ, बाकी तीच. मला पाहून तिने मान हलवली, आलीस का, बस, अशी. मग तिने तांदळात हात घातला आणि तसाच थांबवला.

"माझ्या हातची चालेल ना तुला?" तिने त्या मुलीला विचारलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझे मालक गेलेले आहेत. तुझ्या लग्नात मी ओटी भरली तेव्हाही गेलेलेच होते. नको असेल तर बोल, मला बुरं नाही वाटणार."

"मला ते माहिती आहे आक्का," ती मुलगी म्हणाली. "तू घाल तांदूळ."

आक्काने तांदूळ घातले. वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ती पोरगी रडता रडता हसली. पुढे आक्का पुन्हा प्रत्येक मुलीची ओटी भरायला लागली, पण आधी असंच विचारून. नंतर आलेल्या मुलींना ती घराची रीतच वाटली. तिचा केवढा विनय, असं मला लिहितात. माझ्याआधी तिला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

सगळ्या टांग्याकडे गेल्यावर मी तिच्याजवळ गेले. दोन वर्षं पाठ केलेलं सगळं विसरले. परातीत थोडे तांदूळ उरले होते. मी पाटावर बसले, पदर पुढे केला आणि म्हणाले, "आक्का, माझीपण भर."

तिने माझ्याकडे नवलाने बघितलं. रागावली असती तर मी तिचे पाय धरले असते, तिथेच बसून राहिले असते. राग नव्हता. तिने माझा पदर सारखा करून माझ्या खांद्यावर टाकला.

"तुझी झाली ना तेव्हा," ती म्हणाली. "चांगली पाच सवाष्णींनी भरली. पाठवणीची ओटी एकदाच असते, पोरी." आणि परात उचलून, उरलेले तांदूळ भातात घालायला ती आत गेली.